नुसतं बसण्याचे पैसे

फेलिक्स लोबोला साखरखोलात सगळे भाऊसाहेब म्हणत. बत्तीस वर्षं तलाठ्याची नोकरी करून तो निवृत्त झाला होता, पण सवयी काही निवृत्त झाल्या नव्हत्या. सकाळी पेपर आला की तो आधी जाहीर नोटिसा वाचायचा, मग निधनाच्या बातम्या, आणि कपात चहा उरला असेल तर राजकारण. कोण कुठली जमीन घेतंय, कोणाचे वारस मुंबईत बसून सह्या करतायत, हे त्या बारीक टायपात कळतं, असं त्याचं म्हणणं. बाकीचा पेपर, आपण काय वाचावं हे दुसऱ्या कोणीतरी ठरवून छापलेला असतो.

अशा माणसाच्या अंगणात जानेवारीतल्या एका सकाळी आकांक्षा मेस्त्री हातात पत्रक घेऊन उभी राहिली. फेलिक्सने तिला बस म्हटलं नाही. ती कसालची. पुण्याच्या 'ओसरी न्यास' नावाच्या संस्थेत कामाला होती. संस्था साखरखोलला वर्षभर मदत देणार होती. कशासाठी, तर गावातल्या दोन्ही गटांच्या सहा-सहा माणसांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून गावाच्या प्रश्नावर बोलावं यासाठी. सभागृहाचं भाडं, जेवण, इतिवृत्त लिहिणाऱ्याचं मानधन, रोज बुडवून येणाऱ्याची मजुरी, सगळं न्यास देणार. रस्ता नाही, विहीर नाही, इमारत नाही.

"नुसतं बसण्याचे पैसे?" फेलिक्सने विचारलं.

"हो काका."

"आणि तुमच्या लोकांका ह्यातसून काय मेळता?"

आकांक्षा म्हणाली की गावं अशी तुटत गेली तर शेवटी कोणाचंच भलं होत नाही, असं न्यासाला वाटतं. फेलिक्सने पत्रक घेतलं, घडी न करता बाकावर ठेवलं आणि तिला फाटकापर्यंत सोडायला गेला, म्हणजे ती खरंच जाते की नाही ते बघायला.

गाव तुटलं होतं हे मात्र खोटं नव्हतं. चार वर्षांपूर्वीच्या ग्रामपंचायत निवडणुकीपासून साखरखोलात दोन पॅनल होती आणि तिसरं काही उरलंच नव्हतं. गंगाराम परबाचं पॅनल निवडून आलं, तो सरपंच झाला. धनेश मयेकरचं पॅनल हरलं. दोघांच्या पाठीमागे मुंबईतले दोन मोठे पक्ष. तेव्हापासून दहीकाला दोन, क्रिकेटचे सामने दोन, व्हॉट्सअ‍ॅपचे गट दोन. ग्रामसभेला धनेशची माणसं येत नसत, म्हणून गंगारामची माणसंही यायची बंद झाली. इतिवृत्तात दर वेळी एकच वाक्य, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब'. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग दहा माणसं बसून ठराव उरकत.

आणि त्याच चार वर्षांत खाडीकडचा खारबांध फुटला. बांधातली उघाडी, म्हणजे भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी लाकडी झडप, कुजून वाहून गेली. उधाणाचं पाणी भाताच्या मळ्यात आलं, मग खालच्या वाडीच्या विहिरी मचूळ झाल्या. सरकारी खातं म्हणालं, बांध हवा तर गावाचा एकमुखी ठराव द्या. एकमुखी म्हटल्यावर गाव हसलं होतं.

न्यासाची बातमी पसरली तसे तर्कही पसरले. गंगारामच्या बाजूला कोणी म्हणालं, हे परदेशी पैसे, चर्चमार्गे येतात. चर्चच्या पायरीवर कोणी म्हणालं, हे सरपंचाच्या पक्षाचे लोक, मतदारयादी पक्की करायला आलेत. धनेशच्या माणसांना वाटलं गंगारामनेच आणलेत, आणि गंगारामच्या माणसांना वाटलं धनेशने. फेलिक्सला यातलं काहीच पटलं नाही. त्याला वाटत होतं ती गोष्ट वेगळी होती. जमीन.

त्याला कारण होतं. अठरा वर्षांपूर्वी तो शेजारच्या गावात तलाठी असताना तिथे एका संस्थेने डोळ्यांचं शिबिर घेतलं होतं. चष्मे दिले, लाडू दिले, लाभार्थी म्हणून सह्या घेतल्या. सहा महिन्यांनी सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळ-माळावरच्या, जमिनीचे कागद फेरफारासाठी फेलिक्सच्या टेबलावर आले. त्यात रोझा फर्नांडिस हे नाव होतं. रोझा त्याची सख्खी बहीण, त्याच गावात दिलेली. कागद सरळ होते, सही तिचीच होती. तिने विकायचं ठरवलं असेल, आपल्याला सांगितलं नसेल, असं समजून त्याने नोंद घातली. तिने काहीच ठरवलं नव्हतं. आज ती मुलाकडे मडगावला राहते. भावाला एका शब्दाने बोलली नाही. फेलिक्सला मात्र ती नोंद घातलेलं पान अजून दिसतं, त्यावरचं स्वतःचं वळणदार अक्षरही दिसतं.

म्हणून जेव्हा पहिल्या बैठकीत इतिवृत्त कोणी लिहायचं यावर भांडण लागलं आणि शेवटी दोन्ही बाजूंनी फेलिक्सचं नाव घेतलं, तेव्हा तो नाही म्हणणार होता. त्याचं नाव घेण्याचं कारणही काही गौरवाचं नव्हतं. भाऊसाहेबाचा कोणावरच भरवसा नाही, तर तो कोणाच्या बाजूने काय लिहिणार, असं सुशीला पेडणेकर म्हणाली होती. सुशीला बचत गटाची, गंगारामच्या पॅनलची आणि तोंडाने फटकळ.

घरी त्याच्या बायकोने, फेबीने, त्याचं ऐकून घेतलं. ती कोलंबी सोलत होती.

"तुमी जावन बसा," ती म्हणाली. "हंय बसान त्यांच्यार नजर ठेवतास, थंय बसान ठेवा."

तो गेला तो नजर ठेवायलाच. त्याने दोन वह्या केल्या. एक बैठकीची, निळ्या पुठ्ठ्याची. दुसरी स्वतःची. तिच्यात आकांक्षा कोणाशी किती वेळ बोलली, कोणाच्या घरी जेवली, कोणते प्रश्न विचारले, हे तारखेसह. न्यासाने घरोघर एक प्रश्नावली वाटली होती. तिच्यात एक प्रश्न होता, 'गावात तुम्ही कोणाशी बोलत नाही? किती दिवसांपासून?' फेलिक्सने तो आपल्या वहीत उतरवला आणि खाली दोन रेघा मारल्या. ही यादी ज्याच्या हातात पडेल त्याला गाव विकत घ्यायला दुसरं काही लागणार नाही, असं त्याला वाटलं. स्वतःच्या प्रश्नावलीत त्याने तिथे 'लागू नाही' असं लिहिलं.

ते खोटं होतं. तो गंगाराम परबाशी चार वर्षं बोलला नव्हता. दोघांची घरं एका गडग्याला, दगडी कुंपणाला, लागून. एकत्र शाळेत गेलेले. निवडणुकीच्या आठवड्यात, फेलिक्स धनेशच्या पॅनलला मत देणार हे कळल्यावर, गावात उठलं की भाऊसाहेबाने तलाठी असताना बहिणीची जमीनसुद्धा पैसे खाऊन लाटली. रोझाची खरी हकिकत फेलिक्सने फेबीनंतर एकाच माणसाला सांगितली होती, गंगारामला. त्यानंतर त्याने गडग्यावर आणखी एक थर चढवला.

बैठका मराठी शाळेच्या सभागृहात, रविवारी दुपारी चारला. पहिल्या दोन बैठकांत दोन्ही बाजू दोन भिंतींना टेकून बसल्या आणि जेवणाच्या पंक्तीही तशाच पडल्या. आकांक्षाचा एक नियम होता. दुसऱ्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि 'होय, असंच' असं तो म्हणाला तरच पुढे बोलायचं. लोकांना हा पोरखेळ वाटला. तिसऱ्या बैठकीत सुशीलाने मचूळ विहिरीचं काढलं. घागर घेऊन वरच्या वाडीला जावं लागतं, तिथे धनेशच्या भावकीची विहीर, तिथल्या बायका तिची घागर शेवटी भरू देतात. धनेशला ते परत सांगायचं होतं. त्याने सांगितलं ते सुशीलाला पटेना. पाण्याचं नाही, घागर शेवटी भरण्याचं सांग, ती म्हणाली. धनेशने तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी तो मध्येच थांबला, त्याचे कान तांबडे झाले, आणि त्याने खाली बघून सांगितलं. सुशीला म्हणाली, होय, असंच. त्या दिवसापासून विहिरीवर काय बदललं ते फेलिक्सला ठाऊक नाही, पण पुढच्या बैठकीत तिने तो विषय काढला नाही. फेलिक्सने निळ्या वहीत सगळं लिहिलं. दुसऱ्या वहीत लिहिलं, 'माणसांना रडवायचं शिक्षण घेऊन आली आहे. सावध.'

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी पावणेआठला, त्याला नोटीस सापडली. मौजे साखरखोल, खारबांधाला लागून असलेले चार गट. मुंबईस्थित परब वारसांकडून खरेदी करण्याचे आमच्या अशिलांनी योजिले आहे, कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांच्या आत कळवावे. अशिलाचं नाव सौ. मीनल श्रीनिवास मेढेकर. फेलिक्स उठला, जानेवारीतलं पत्रक शोधून काढलं. मागच्या पानावर न्यासाच्या सात विश्वस्तांची नावं होती. पाचवं, श्रीनिवास मेढेकर.

खारट झालेली जमीन आज कोणी फुकट घेणार नाही. बांध झाला की तीच खाडीकाठची जमीन सोन्याची. आणि बांधाचा ठराव व्हावा म्हणूनच तर गावाला जेवू घालणं चाललं होतं.

तीन महिने ज्याची वाट बघितली ते हाती आल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. फेलिक्सने पत्रक पालथं घालून ठेवलं. त्याला कळलं की मधल्या काळात, स्वतःला न सांगता, आपण चुकीचे ठरावं असं त्याला वाटू लागलं होतं.

आता हे सांगायचं कोणाला? धनेशला दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत दोन्ही व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गेलं असतं, आणि विकणारे परब म्हणून गंगारामचं नाव त्याला चिकटलं असतं. आणि चिकटू नये असं तरी कशावरून? विकणारे गंगारामचे चुलतभाऊच होते. सरपंचाला न कळता हा व्यवहार होतो? फेलिक्सने दोन दिवस विचार केला. मग त्याने ठरवलं की कागद गंगारामच्या हातात द्यायचा आणि तो वाचत असताना त्याचं तोंड बघायचं. बत्तीस वर्षांत त्याने कागद वाचणारी पुष्कळ तोंडं बघितली होती.

गंगाराम खळ्यात सुपाऱ्या वाळत घालत होता. फेलिक्सला फाटकात बघून तो उभा राहिला. फेलिक्सने कात्रण पुढे केलं.

"वाच."

गंगारामने चष्मा शोधला. वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा ओठ हलू लागला, शाळेत असताना हलायचा तसा. मग तो खाली पायरीवर बसला.

"माका कोणीच इचारूक नाय," तो म्हणाला. "माझ्या बापाशीचो हिस्सो आसा ह्यात."

"तुका खरांच ठावक नव्हतां?"

गंगारामने मान हलवली. फेलिक्सने पत्रक काढून पाचवं नाव दाखवलं. गंगारामने ते नाव नोटिशीशी ताडून बघितलं. आतून त्याच्या सुनेने पाणी आणून ठेवलं आणि आश्चर्य लपवत ती आत गेली. मग गंगाराम नोटिशीबद्दल न बोलता दुसरंच बोलला.

"निवडणुकीत तुझ्याबद्दल तां बोलणां चललां, तां मियां सुरू करूक नाय. रोझाचां मियां घरात बोललंय, थंयसून भायर गेलां, पण गावात मियां सांगूक नाय. मियां आयकलंय, आणि गप रवलंय. आमका मतां होयी होती."

फेलिक्सला नुसता राग आला असता तर बरं झालं असतं. तो आलाही, पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. कागद सरळ दिसले म्हणून रोझाला न विचारणारा तो स्वतः, आणि चार वर्षं गडग्यापलीकडे एक प्रश्न न टाकणाराही तोच.

"मियां पण तुका इचारूक नाय," तो शेवटी म्हणाला, आणि पाणी प्यायला.

त्याच दुपारी दोघे मिळून कुडाळला वकिलाकडे गेले आणि गंगारामच्या नावाने हरकत दाखल केली. एसटीत शेजारी बसले, पण जाताना फारसं बोलले नाहीत. चार वर्षांनी काय बोलायचं हेही आठवावं लागतं.

रविवारच्या बैठकीत फेलिक्सने निळी वही मिटली आणि नोटीस मोठ्याने वाचली. मग पत्रकावरची सात नावं. धनेशने आधी गंगारामकडे बघितलं, आणि गंगाराम काही म्हणायच्या आत फेलिक्सने सांगितलं की सरपंचाने हरकत घेतली आहे, पोच आपल्याकडे आहे. मग बाराही माणसं आकांक्षाकडे वळली.

ती कात्रण हातात घेऊन उभी होती. बैठकीत ती नेहमी प्रमाण मराठीत बोलायची. आता तिचं ते मराठी कुठेतरी सांडलं.

"माका ह्यां ठावक नव्हतां," ती म्हणाली. "पण ठावक असूक होयां होतां. मियांच तुमका सांगलंय, भरवसो ठेवा."

सुशीलाने तिला बसायला सांगितलं. धनेश म्हणाला, नाटक असेल. फेलिक्सलाही तेच वाटत होतं, पण त्याने तिचं तोंड बघितलं होतं, तिनेही कागद दोनदा वाचला होता. त्या दिवशी कोणीच न्यासाचं जेवण जेवलं नाही. सुशीलाच्या घरून पेज आली, धनेशच्या घरून सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोलंबी, आणि बारा जण गोल बसून पुण्याच्या लोकांना काय विचारायचं त्याची यादी करत राहिले. भिंतीला टेकायला कोणी गेलं नाही, हे फेलिक्सच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

आठ दिवसांनी न्यासाच्या अध्यक्षा स्वतः आल्या. रेवतीबाई टिळेकर, सत्तरीच्या, हातात काठी. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. साखरखोलची निवड विश्वस्तांपुढे आली तेव्हा बांधाची माहिती मेढेकरांनी तिथेच वाचली होती, आणि पत्नीच्या नावाने व्यवहार सुरू केला होता. विचारल्यावर म्हणाले, यात बेकायदेशीर काय? न्यासाने त्यांचा राजीनामा घेतला होता; खरेदी गंगारामच्या हरकतीवर अडली होती. पत्र त्यांनी टेबलावर ठेवलं. फेलिक्सने ते उचलून उजेडात धरलं, शिक्का बघितला, तारीख बघितली. त्यांनी त्याला बघू दिलं.

मग त्याने जानेवारीतला प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी कचेरीतल्या मराठीत. "तुम्हाला यातून काय मिळतं?"

रेवतीबाईंनी काठी टेबलाला टेकवली. "खरं सांगू का? आमच्यातल्या काहींना नाव हवं असतं. अहवालात दोन बाजूंची माणसं शेजारी बसलेला फोटो हवा असतो. माझ्या वडिलांनी पैसा ठेवला तो कारखान्यातून, आणि तिथे त्यांनी कामगारांना एकत्र बसू दिलं नव्हतं. ते माझ्या मनात असतं. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही."

फेलिक्सने ते शब्दशः लिहून घेतलं.

गावाने अटी वाचून दाखवल्या. न्यासाशी संबंधित कोणीही, वा त्याच्या घरच्यांनी, या गावात जमीन घ्यायची नाही, तसं लेखी. प्रश्नावल्या परत. फोटो काढायचे नाहीत. मदतीच्या पुढच्या वर्षाचं गावातली बैठक ठरवेल, पुण्याची नाही. रेवतीबाईंनी सगळं मान्य केलं. एक मात्र नाकारलं. धनेश म्हणाला होता, चूक झाली ना, मग भरपाई म्हणून बांधच बांधून द्या. त्या म्हणाल्या की नाही, बांध सरकारचं आणि गावाचं काम आहे, आम्ही बांधला तर उद्या तो आमचा होईल. धनेश चिडून बाहेर गेला. गंगाराम त्याच्यामागे गेला आणि दोघेही बऱ्याच वेळाने परत आले.

प्रश्नावल्यांचे गठ्ठे आले. त्यांच्या प्रती पुण्याच्या कुठल्या संगणकात राहिल्या असतील की नाही, हे फेलिक्सला कळायला मार्ग नव्हता. आकांक्षा नाही म्हणाली. त्याने दुसऱ्या वहीत लिहिलं, 'नाही म्हणते.' पुढे काही लिहिलं नाही.

मेच्या अखेरीस, उधाणाआधी, गावाने बांधाचं भगदाड मातीच्या पोत्यांनी तात्पुरतं बुजवलं. ऐंशी माणसं आली. कोण किती पोती भरतंय यावरूनही दोन पॅनलांत चढाओढ लागली, त्यामुळे काम दीड दिवसात संपलं. पावसाळाभर पाणी थोडं झिरपलं, पण मळ्यात चढलं नाही.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला फेलिक्स लवकर जाऊन मागच्या बाकावर बसला. अकराच्या सुमारास ग्रामसेवकाने माणसं मोजली, मग पुन्हा मोजली, आणि गणपूर्ती झाल्याचं जाहीर केलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लगेच भांडण सुरू झालं. उघाडी जुन्या जागी की वरच्या वळणावर, लाकडी की लोखंडी, तिची किल्ली कोणाकडे. अडीच तास. सुशीलाने धनेशला दोनदा खाली बसवलं, धनेशने तिच्या बाजूने एकदा हात वर केला. वरच्या वळणाचा आग्रह धरणारे तिथली जमीन कोणाची ते सांगत नव्हते, म्हणून फेलिक्सने उठून सरपंचालाच सर्वांदेखत विचारलं, त्या वळणाला लागून तुमचं काही आहे का? गंगाराम म्हणाला, होय, सात गुंठे आहेत. आणि त्या ठरावाच्या मतदानात त्याने हात वर केला नाही. उघाडी जुन्या जागी ठरली. ठराव एकमुखी झाला नाही, तीन विरुद्ध पडले, पण खात्याच्या साहेबाने नंतर तो घेतला.

सभा सुटल्यावर दोघे एकाच वाटेने घराकडे निघाले. घरं शेजारी, दुसरी वाट नव्हती.

"फुडल्या निवडणुकीत माझां मत तुमच्या पॅनलाक मेळाचां नाय हां," गंगाराम म्हणाला.

"माझां पण तुका नाय," फेलिक्स म्हणाला. मग थोडं चालून झाल्यावर त्याने विचारलं की येत्या रविवारी मडगावला, रोझाकडे जायचं आहे, येशील का. गंगारामने कितीची गाडी आहे ते विचारलं.